वाचले, बरोबर आहे

तपासनीसांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या उजव्या हाताला अजून कुणी कळवलेली नव्हती. घरात कुठलाही कागद आला की तो हात आपोआप शर्टाच्या डाव्या खिशाकडे जायचा, शाईचं पेन काढायचा आणि कागदाच्या तळाशी लिहायचा, 'वाचले. बरोबर आहे.' त्याखाली आखूड सही, सहीखाली तारीख. किराण्याची यादी, मिक्सरचं हमीपत्र, औषधाच्या डबीतला तो बत्तीस घड्यांचा कागद, कुणाची म्हणून सुटका नव्हती. एकदा स्वतःच्या रक्ततपासणीच्या अहवालावरही त्यांनी हाच शेरा मारला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि विचारलं, "काय बरोबर आहे हो? साखर?"

त्या पेनाबद्दलही इथेच सांगून टाकायला हवं, कारण तपासनीस ते स्वतः कुणालाही पाच मिनिटांत सांगत. पस्तीस वर्षं त्यांनी शाईचं पेन खिशात वागवलं, पण खिशावर कधी ठिपका म्हणून पडला नाही. कचेरीतल्या बाकी मंडळींचे खिसे बघवत नसत. "शिस्त असली की पेन गळत नाही," असं ते म्हणत. निरोप समारंभातही त्यांनी आभाराच्या भाषणात सात मिनिटं यावरच घालवली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं होतं.

त्यांच्या बायकोचा छंद नेमका डागांचा. म्हणजे डाग काढण्याचा. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि पहिल्या वर्षापासून ती एका जाड वहीत लिहीत आली होती: कुठला डाग कशाने जातो, कशाने जात नाही, आणि कशाने डाग जातो पण कापडही जातं. चहा, गंज, मेण, डांबर, गवत, लिपस्टिक, असे एकशे त्रेचाळीस डाग. तपासनीसांना या वहीचं कौतुक होतं, पण लांबून. "इतरांच्या घरी फार उपयोगी पडेल," असं ते म्हणत. आपल्या घरात डाग पडतात कुठे, हा त्यातला न बोललेला भाग.

त्यांच्या बहिणीच्या मुलीला मात्र त्या वहीचं वेडच लागलं. ही भाची संगणकाच्या कामातली. तिने मामीच्या वहीची साइटच बनवून टाकली. बघता बघता ती साइट लोक उघडायला लागले, आणि गावातल्या वाचनालयाच्या बाईंनी मामीला बोलावणं पाठवलं: गुरुवारी दुपारी चार वाजता सभागृहात येऊन बोला, मागे भिंतीवर तुमची साइट मोठी करून दाखवू. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर बायकोचं नाव लागलं. नुसतं तिचं. अमक्यांची पत्नी नाही, तमक्यांची आई नाही. ती तो फळा बघायला तीन वेळा जाऊन आली आणि तिन्ही वेळा घरी सांगितलं की कोथिंबीर आणायला गेले होते. घरात इतकी कोथिंबीर झाली की तपासनीसांनी शेवटी साठ्याची चौकशी केली.

आयुष्यात चार माणसांसमोर बोलण्याची ही तिची पहिलीच वेळ. वही भाचीकडे होती, उरलेले चाळीस डाग साइटवर चढवायला नेलेली. त्यामुळे बायकोची सगळी भिस्त भिंतीवरच्या पानांवर. "समोर पान दिसलं की मला सगळं आठवतं," ती म्हणायची. "नाही दिसलं तर स्वतःचं नावसुद्धा सांगता येणार नाही मला."

आणि भाचीला मध्येच कंपनीने प्रशिक्षणाला दूरगावी पाठवलं. तिथे सकाळी फोन फाटकावर जमा करून घेत आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तेवढा हातात देत. जाण्याआधी तिने साइटचा पासवर्ड एका कागदावर लिहून मामांना दिला. "मामा, हा फक्त सांभाळून ठेवा. अडीअडचणीला लागला तर असावा. तुम्ही कशालाही हात लावू नका."

तपासनीसांनी कागद घेतला, वाचला, आणि त्यावर शेरा मारून पोच दिली.

आता ज्याने पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे त्याला विचारा, कार्यभार घेतला म्हणजे काय करायचं? आधी मोजदाद. कपाटं किती, खुर्च्या किती, त्यातल्या मोडक्या किती. न तपासता ताबा घेणं हा हलगर्जीपणा, आणि हलगर्जीपणा तपासनीसांच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता. म्हणून सोमवारी सकाळी, बायको बाजारात गेलेली असताना, ते साइटच्या पोटात शिरले. आत चौदा फाइली निघाल्या. त्यांनी एकेक उघडली. आत कंस होते, डॉलरची चिन्हं होती, मध्येच एखादा अर्धविराम उगाच उभा होता. अक्षर कळत नव्हतं तरी मांडणी नीटनेटकी होती, ओळी सरळ होत्या, खाडाखोड नव्हती. तपासनीस प्रसन्न झाले. आणि प्रत्येक फाइलीच्या तळाशी, जिथे तो असायला हवा तिथेच, त्यांनी टंकून शेरा मारला, 'वाचले. बरोबर आहे.' पुढे आद्याक्षरं आणि तारीख. चौदाही फाइली जतन केल्या आणि समाधानाने चहा घेतला.

मंगळवारी सकाळी बायकोने सरावासाठी साइट उघडली. पांढरं पान. त्यावर ठळक अक्षरांत इंटर्नल सर्व्हर एरर, आणि पाचशे हा आकडा.

"अहो, हे बघा काय आलंय! पाचशे काय?"

"पाचशे म्हणजे..." तपासनीस खुर्ची ओढून बसले. "क्रमांक असेल. जावक क्रमांक."

"माझे डाग कुठे गेले?"

हे वाक्य ऐकून कुणीही हसलं असतं, पण बायकोचा चेहरा हसण्यासारखा राहिला नव्हता. "भाचीला निरोप टाकते," ती म्हणाली. तपासनीसांनी हात वर केला. कार्यभार त्यांच्याकडे होता. ज्याच्याकडे कार्यभार, त्याने पहिल्याच अडचणीला आधीच्या अधिकाऱ्याला फोन लावायचा म्हणजे नाचक्की. "गुरुवारला दोन दिवस आहेत," ते म्हणाले, "मी बघतो."

पांढऱ्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की प्रशासकाशी संपर्क साधावा, आणि त्याचा ईमेल पत्ता. चला, म्हणजे कुणीतरी जबाबदार माणूस होता! तपासनीसांनी त्याला दीड पानाचं पत्र लिहिलं. 'आपल्या अखत्यारीतील साइट आज सकाळपासून बंद असून याबाबत आपण कोणतीही दखल घेतल्याचे दिसून येत नाही. ही बाब गंभीर आहे. आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये याचा खुलासा चोवीस तासांत करावा.' पाठवलं. अर्ध्या मिनिटात त्यांच्या स्वतःच्या टपालपेटीत एक पत्र आलं. त्यांनी उघडलं. आपल्या अखत्यारीतील साइट आज सकाळपासून बंद असून. भाचीने जाताना प्रशासक म्हणून मामांचाच पत्ता टाकला होता.

तपासनीसांनी ते पत्र दोनदा वाचलं. भाषा कडक होती, पण रास्त होती. इतकी वर्षं अशी पत्रं पाठवली, ती मिळाल्यावर कसं वाटतं ते आज कळलं आणि मुळीच बरं वाटलं नाही. बायकोला त्यांनी सांगितलं, "प्रशासकाला कळवलंय. त्याने मनावर घेतलंय."

दुपारी वरच्या मजल्यावरचे विमेवाले आले. या गृहस्थांनी जन्मभर लोकांना विमा विकला, त्यामुळे कुठलंही संकट आलं की त्यांचे डोळे चमकायचे. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "पाचशे ना? सोपं आहे. तुमच्या ब्राउझरमध्ये कचरा साठलाय. सगळा पुसा."

"सगळा?"

"सगळा! माझ्या साडूचं असंच झालं होतं."

पुसला. साइट तशीच पांढरी. मात्र त्या कचऱ्यात तपासनीसांचे वीज, पाणी, पेन्शन, सगळीकडचे साठवलेले पासवर्ड होते, तेही गेले. साडूचं काय झालं होतं असं विचारल्यावर विमेवाले म्हणाले, "त्याचंही नाही उघडलं. त्याने नवा संगणक घेतला."

मग विमेवाल्यांना दुसरी कल्पना सुचली, आणि तपासनीसांनी तिला मान्यता दिली हे विशेष. दोष आपल्या घरात आहे की सगळीकडे, हे कळायला नको का? दोघं मिळून इमारतीत दारोदार गेले. तपासनीसांच्या हातात तक्ता होता. घर क्रमांक, यंत्राचा प्रकार, निष्पत्ती. तीन मजले, अकरा घरं, आणि अकरा ठिकाणी तेच पांढरं पान. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर चष्मा लावून मन लावून वाचलं आणि विचारलं, "हेच दाखवणार का गुरुवारी भिंतीवर?" निष्पत्तीच्या रकान्यात तपासनीसांनी अकरा वेळा 'नाही' लिहिलं आणि तक्त्याखाली शेरा मारला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की बाईंची साइट बंद पडली आहे. ज्यांना साइट आहे हेच माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. जिन्यात बायकोला जो तो विचारू लागला, "मग आता हो?" ती घरी आली. बसली आणि आधीच स्वच्छ असलेला टेबलक्लॉथ घासायला लागली. तपासनीसांना वाटलं आपण काहीतरी बोलावं. ते म्हणाले, "सर्वेक्षण पूर्ण झालं." यापेक्षा गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी त्यांनी कंपनी गाठली. म्हणजे ज्या कंपनीच्या यंत्रावर ही साइट ठेवलेली होती ती. तिथे माणूस भेटत नाही. आधी एक अर्ज भरायचा, मग तक्रारीला क्रमांक मिळतो, मग तो क्रमांक सांभाळत बसायचं. ही व्यवस्था तपासनीसांना आवडली. अर्जात तिसरा प्रश्न होता: 'साइट बंद पडण्यापूर्वी आपल्या बाजूने फाइलींमध्ये काही बदल करण्यात आला होता का?'

तपासनीसांनी बाणेदारपणे लिहिलं, 'नाही.'

आणि ते खोटं बोलले असं कुणी म्हणू नये. शेरा म्हणजे बदल नव्हे. कागदावर सही केली म्हणून मजकूर बदलतो का? त्यांच्या हयातीत तरी बदलला नव्हता.

तासाभराने उत्तर आलं: 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया कळवा, फाइलींमध्ये काही बदल करण्यात आला होता का?' त्यांनी पुन्हा लिहिलं, 'नाही. कृपया मागील उत्तर पाहावे.' दुपारी तिसरं पत्र आलं. त्यात होतं की आमच्या बाजूला सर्व यंत्रं सुरळीत आहेत, अशी चूक बहुधा फाइलीतल्या एखाद्या चुकीच्या ओळीमुळे येते, तरी पुन्हा खात्री करून सांगा. तपासनीस चिडले. ही तर चक्क टोलवाटोलवी! त्यांनी स्वतः पस्तीस वर्षांत लोकांना इतकं टोलवलं नव्हतं, आणि जेव्हा टोलवलं तेव्हा निदान समोर बसवून. त्यांनी लिहिलं, 'सर्व चौदा फाइली मी जातीने वाचल्या असून त्या बरोबर आहेत.' यानंतर कंपनीकडून शेवटचं पत्र आलं: 'आपली समस्या सुटली आहे असे समजून ही तक्रार बंद करण्यात येत आहे. आपला अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या.'

तपासनीस बराच वेळ त्या ताऱ्यांकडे पाहत बसले. एवढं सुबक निकालात काढणं त्यांनाही कधी जमलं नव्हतं.

"काय म्हणतात कंपनीवाले?" बायकोने आतून विचारलं.

"सुटलीय म्हणतात."

ती धावत बाहेर आली. पांढरं पान बघितलं. मग हळूच म्हणाली, "मी वाचनालयात सांगून येते. बोलणं रद्द करा म्हणून."

"एवढ्यात कशाला?"

"मग कधी? चार वाजता, सगळे येऊन बसल्यावर? अहो, मला पाठ नाही काही. मी तिथे उभी राहून काय पांढरी भिंत दाखवू?" तिने चपला घातल्या, पुन्हा काढल्या. "उद्या सकाळी जाते," म्हणाली आणि आत गेली. तपासनीसांना वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याखाली मारायला त्यांच्याकडे शेरा नव्हता.

गुरुवारी सकाळी ती वाचनालयात गेली नाही. तिने दुसरंच केलं. कार्यभार वगैरे बाजूला ठेवून भाचीला निरोप टाकला. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तपासनीसांचा फोन वाजला. भाची घास चावत बोलत होती.

"मामा, मंगळवारपासून बंद आहे आणि मला आज सांगताय? फाइलींना हात लावलात का?"

"हात कशाला लावू? फक्त तपासल्या."

"तपासल्या म्हणजे काय केलंत?"

"वाचल्या. आणि रीतसर शेवटी शेरा मारला."

पलीकडे चावणं थांबलं.

"कसला शेरा?"

"वाचले, बरोबर आहे."

"किती फाइलींत?"

"सगळ्या. भेदभाव कशाला?"

फोनमधून असा आवाज आला की कुणीतरी कपाळ टेबलावर टेकवलं असावं. "मामा," भाची म्हणाली, "ते यंत्र वरून खाली एकेक ओळ हुकूम म्हणून वाचतं. शेवटी तुमचा शेरा आला की त्याला कळेना हा हुकूम कुठला. मग ते सगळंच काम सोडून बसलं."

पस्तीस वर्षांत तपासनीसांच्या शेऱ्याने एकही काम अडलं नव्हतं, अशी त्यांची समजूत होती. आता त्यांना काही जुनी प्रकरणं आठवू लागली आणि ती त्यांनी निग्रहाने पुन्हा विसरली.

"काढा ते सगळे," भाची म्हणाली. "माझ्याकडे वीस मिनिटं आहेत."

मारलेला शेरा काढणं! त्यांनी पहिली फाइल उघडली, तळाशी गेले आणि थबकले. "भाचे, नुसता खोडायचा? 'शेरा रद्द' असं लिहून खाली सही..."

"मामा!!"

"बरं, बरं."

एक, दोन, तीन. चौदा शेरे त्यांनी स्वतःच्या हाताने पुसले. चौदावा पुसून फाइल जतन केली, पान ताजं केलं आणि साइट उघडली! निळं मथळ्याचं अक्षर, खाली डागांची लांबलचक यादी. तपासनीसांच्या तोंडून "अरेच्चा!" एवढंच निघालं.

"अजून खात्री नाही," भाची घाईत म्हणाली. "कुठलंही पान उघडा आणि मोठ्याने वाचा. अक्षरं नीट येतायत का बघू."

कुठलंही म्हणजे कुठलं? यादीत त्यांची नजर ओळखीच्या शब्दावर गेली. शाई. त्यांनी दाबलं आणि कचेरीतल्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"शाई. डाग क्रमांक एक. या वहीची सुरुवात याच डागापासून झाली. शाईच्या पेनाचा डाग, शर्टाच्या डाव्या खिशाच्या खालच्या कोपऱ्यात, आठवड्यातून दोनदा तरी. आमच्या घरच्या माणसाला खात्री आहे की त्याचं पेन गळत नाही. ते पहिल्या दिवसापासून गळतं. तो घरी येऊन शर्ट काढतो तेव्हा सगळं लक्ष हातातल्या कागदात असतं, त्यामुळे डाग त्याला दिसत नाही. दिसू देऊही नये. शर्ट लगेच उचलावा. घासू नये, घासल्याने शाई पसरते. कोमट दुधात भिजत ठेवावा, तासाभराने दूध बदलावं, मग साबण. सकाळी खिसा पांढरा दिसला पाहिजे, कारण तो सगळ्यांना खिसा दाखवतो. एकोणचाळीस वर्षं..."

आवाज इथे बारीक झाला.

"अक्षरं येतायत ना नीट?" भाचीने विचारलं.

"येतायत," तपासनीस म्हणाले. "बरोबर आहे."

त्यांनी फोन ठेवला. दाराशी बायको उभी होती, बाहेर जायचे कपडे घालून, हातात पिशवी. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तपासनीसांनी मान खाली घालून खिसा पाहिला. खालच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा निळा ठिपका होता. पस्तीस वर्षांत ते हजारो कागदांवर वाकले होते, पण तिथे कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"साइट चालू झाली," ते म्हणाले.

"ऐकलं मी."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही त्या खिशावर किती खूश असायचा," बायको म्हणाली. मग पिशवी खुर्चीवर ठेवून तिने हात पुढे केला. "काढा तो शर्ट. दूध आहे घरात."

"मी भिजवतो," तपासनीस म्हणाले.

त्यांनी भिजवला. घासला नाही. दूध पातेलंभर घेतलं, ते जास्त झालं, पण बायकोने तेवढं चालवून घेतलं.

चार वाजता वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. इमारतीतली अकराच्या अकरा घरं आली होती, पांढरं पान बघायला आली असावीत, आणि विमेवाले पहिल्या रांगेत होते. तपासनीस तिसऱ्या रांगेत बसले, दुसरा शर्ट घालून, खिसा रिकामा. बायकोची पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत. मग मागे भिंतीवर गंजाचं पान आलं, तिने ते वळून पाहिलं आणि जी बोलायला लागली ती थांबेना. मेणाच्या वेळी लोक हसले, डांबराच्या वेळी लिहून घ्यायला लागले. शेवटी भिंतीवर शाई आली. सगळ्यांनी ते पान मनातल्या मनात वाचलं आणि सभागृहात खसखस पिकली. शिंपीणबाईंनी हात वर केला.

"बाई, पण त्या माणसाला अजून कळलंच नाही का?"

बायकोने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"कळलं," ती म्हणाली. "आजच कळलं. दुपारी दीड वाजता."

खरं म्हणजे तेव्हा एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती. तपासनीसांनी घड्याळ पाहिलं होतं. पण त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही.